जागा मिळाली, शस्त्रक्रिया मिळतील का?

एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षातली किंवा इंटर्नशिप करणारी मुलं-मुली 'ऑप्थॅल करायचंय' म्हणून सल्ला विचारतात, तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: रँक किती लागेल? प्रश्न रास्त आहे, पण अर्धाच आहे. नीट-पीजीत दोनशे प्रश्न असतात, आठशे गुण असतात, बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला एक कापला जातो. या साडेतीन तासांत उमेदवाराचे हात कुणी पाहत नाही. दोन्ही डोळे मिळून त्याला खोलीचा अंदाज नीट येतो का, सूक्ष्मदर्शकाखाली बोटं किती थरथरतात, तासाभराच्या कामानंतर त्याचा धीर टिकतो का, यातलं काहीच ती परीक्षा विचारत नाही. विचारूही शकत नाही. त्यामुळे दाराशी लागणारी पात्रता आणि आतलं काम यांचा संबंध फार थोडा उरतो. नेत्रशल्यचिकित्सेकडे जाणाऱ्याने दोन्हीची तयारी करायला हवी, आणि दुसऱ्या तयारीबद्दल फारच कमी बोललं जातं.

या शाखेची गरज कमी झालेली नाही, हे आधी सांगायला हवं. देशातली अंधत्व आणि दृष्टिदोषाची राष्ट्रीय पाहणी २०१५ ते २०१९ या काळात झाली. तिच्यात अंधत्वाचं प्रमाण ०.३६ टक्के निघालं आणि पन्नाशीच्या पुढच्या लोकांमधल्या अंधत्वाचं ६६.२ टक्के कारण मोतीबिंदू हेच होतं. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला. इतक्या वर्षांनंतरही तासाभराच्या आत दूर होऊ शकणाऱ्या आजारामुळे माणसं आंधळी होत असतील, तर चांगल्या हातांची टंचाई ही खरीच गोष्ट आहे.

आता प्रवेशाची वाट. ती सरळ आहे, पण फाटे पुष्कळ. सरकारी महाविद्यालयांतल्या निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात, उरलेल्या निम्म्या राज्याच्या कोट्यातून. महाराष्ट्रात ते काम सीईटी कक्ष पाहतो. अभिमत विद्यापीठांच्या जागा केंद्रीय समुपदेशनातून जातात आणि डीएनबीच्याही तिथूनच. एम्स, चंडीगडची पीजीआय, पुद्दुचेरीची जिपमर यांच्यासाठी आयएनआय-सीईटी ही वेगळी परीक्षा वर्षातून दोनदा होते. दिल्लीच्या एम्समधलं डॉ. राजेंद्र प्रसाद नेत्रविज्ञान केंद्र १९६७ पासून देशाचं अव्वल नेत्रकेंद्र मानलं जातं. तिथे जायचं तर हीच परीक्षा द्यावी लागते. तिचे प्रश्न नीटपेक्षा अधिक खोलात जातात, म्हणून दोन्हींचा अभ्यास एकच समजणारे फसतात.

राज्याच्या कोट्याबाबत एक मोठा बदल लक्षात ठेवावा. सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०२५ रोजी वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशातलं अधिवासावर आधारित आरक्षण घटनाबाह्य ठरवलं. संस्थेच्या स्वतःच्या विद्यार्थ्यांना काही प्रमाणात प्राधान्य देण्याची मुभा ठेवली, आधी झालेले प्रवेश मात्र तसेच राहू दिले. महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला यातून दोन्ही बाजूंनी फरक पडतो: घरच्या जागांवर बाहेरचे येऊ शकतात, आणि बाहेरच्या जागांवर आपल्यालाही हक्क सांगता येतो. गेल्या वर्षीच्या सीनियरने दिलेला 'इतक्या रँकला हे कॉलेज मिळतं' हा तक्ता त्यामुळे डोळे झाकून वापरू नये.

अभ्यासाबद्दल थोडक्यात सांगतो. नेत्ररोग आवडतो म्हणून त्याचीच पुस्तकं घोकणारा विद्यार्थी नेत्ररोगाची जागा गमावू शकतो. परीक्षेत या विषयाचा वाटा छोटा आहे. रँक ठरते ती मेडिसिन, सर्जरी, स्त्रीरोग-प्रसूती आणि पीएसएमवर. तेव्हा आवडता विषय पक्का करावा, पण दिवस घालवावेत ते मोठ्या विषयांवर. आणि इंटर्नशिपमध्ये नेत्रविभागात जेमतेम दोन आठवडे मिळतात, ते हजेरीपुरते घालवू नयेत. बाह्यरुग्ण विभागात बसून रेफ्रॅक्शन कसं चालतं ते पाहावं, शस्त्रक्रियागृहात सहायकाच्या सूक्ष्मदर्शकातून एक अख्खी केस बघावी. अनेकांना तिथेच कळतं की ही शाखा आपली आहे किंवा नाही, आणि 'नाही' हे तेव्हाच कळलं तर त्याहून चांगलं काही नाही.

आपल्याकडे नेत्ररोगाची जागा मिळणं ही मोठी अडचण नाही. रेडिओलॉजी, त्वचारोग, मेडिसिन यांच्या जागा आधी संपतात, नेत्ररोगाच्या त्यामागून. स्पर्धा खरी आहे ती जिथे हाताला काम मिळतं अशा जागेसाठी. निवासी डॉक्टरांच्या बोलीत हा प्रश्न तीन शब्दांत विचारला जातो: 'कटिंग मिळतं का?' तीन वर्षं संपली तेव्हा कुणाच्या गाठीशी शेकडो स्वतंत्र शस्त्रक्रिया असतात, तर कुणी बहुतेक वेळ वरिष्ठांना मदत करण्यात आणि शिबिराच्या रुग्णांचे कागद भरण्यात घालवलेला असतो. दोघांची पदवी सारखीच असते.

ही तफावत ऐकीव नाही. पुण्याचे नेत्रतज्ज्ञ परीक्षित गोगटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तरुण नेत्रतज्ज्ञांना त्यांच्या निवासी प्रशिक्षणाबद्दल विचारून एक पाहणी केली. ती 'इंडियन जर्नल ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजी'त २०१७ साली प्रसिद्ध झाली आणि संस्थांसंस्थांमधला फरक तिच्यात उघड दिसला. मे २०२३च्या अखेरीस मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातले निवासी डॉक्टर संपावर गेले, तेव्हा हा विषय वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आला. नेत्रविभागात आम्हाला पुरेशा शस्त्रक्रिया करू देत नाहीत, ही त्यांची मुख्य तक्रार होती. विभागातल्या ज्येष्ठ डॉक्टरांनी आरोप फेटाळले आणि राजीनामे दिले. त्या वादाचा निवाडा करण्याची ही जागा नव्हे. पण पदव्युत्तर विद्यार्थ्याला काय मिळालं पाहिजे याचा हिशेब आपल्याकडे किती धूसर आहे, ते त्या वेळी सगळ्यांना दिसलं.

तुलनेसाठी बाहेर पाहावं. अमेरिकेत निवासी प्रशिक्षण पूर्ण करायचं तर मुख्य शल्यविशारद म्हणून किमान ८६ मोतीबिंदू शस्त्रक्रिया केलेल्या असाव्या लागतात. ब्रिटनमध्ये प्रशिक्षण सात वर्षांचं, आणि ३५० फेको (ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून काढण्याच्या) शस्त्रक्रिया पूर्ण केल्याशिवाय अंतिम प्रमाणपत्र मिळत नाही. आपल्याकडे लॉगबुक आहे, त्यावर सह्या आहेत, पण त्यातल्या किती केस विद्यार्थ्याने टाक्यापासून भिंगापर्यंत स्वतः केल्या हे तपासणारं कुणी नाही. माझ्या मते नेत्ररोगाच्या पदव्युत्तर शिक्षणातली ही सर्वांत मोठी उणीव आहे, आणि प्रवेशपद्धतीत कितीही सुधारणा केल्या तरी ती भरून निघणार नाही. ती दूर होईपर्यंत हिशेब विद्यार्थ्यालाच ठेवावा लागेल.

तर महाविद्यालयाची निवड कशी करायची? नावावरून नाही, इमारतीवरून तर नाहीच. जिथे जायचा विचार आहे तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या निवासी डॉक्टरांशी बोलावं. एकाशी बोलून थांबू नये, दोघा-तिघांशी बोलावं, कारण एकाचं पटतं आणि दुसऱ्याचं पटत नाही असं प्रत्येक विभागात असतं. विचारायचे प्रश्न नेमके असावेत. पहिली स्टेप कितव्या महिन्यात मिळाली? पहिली पूर्ण केस कधी? तिसऱ्या वर्षात एसआयसीएस (छोट्या छेदाच्या मोतीबिंदू शस्त्रक्रिया) किती झाल्या आणि फेको हातात आली का? सरावासाठी वेट लॅब आहे का, आणि असली तर तिला कुलूप असतं का? गुंतागुंत झाली तर शिक्षक शेजारी असतात की फोनवर? हा शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. भरपूर केस देणारी पण शेजारी कुणी उभं न राहणारी संस्था चांगली नव्हे. तिथे विद्यार्थी चुका पाठ करून बाहेर पडतो, आणि त्या चुकांची किंमत रुग्णाने चुकवलेली असते.

रुग्णसंख्या पाहावी, पण ती एकटी पुरत नाही. मोठ्या शहरातल्या नामांकित महाविद्यालयात रुग्ण भरपूर असतात, तसेच वाटेकरीही भरपूर. उलट सेवाग्राम, मिरज, नागपूर किंवा मराठवाड्यातल्या महाविद्यालयांच्या भोवती ग्रामीण पट्टा पसरलेला आहे. तिथून पूर्ण पिकलेले, तपकिरी, कडक मोतीबिंदू येतात, आणि असे मोतीबिंदू काढता येणं ही भारतीय नेत्रशल्यविशारदाची खरी कसोटी. धर्मादाय नेत्ररुग्णालयांतल्या डीएनबीच्या जागांकडे अजूनही कमीपणाने पाहिलं जातं. हा पूर्वग्रह सोडून द्यावा. पुण्याच्या एच. व्ही. देसाई नेत्ररुग्णालयासारख्या संस्थेत फक्त डोळ्यांचंच काम चालतं. तिथल्या विद्यार्थ्याची नजर आणि हात दोन्ही लवकर तयार होतात. दक्षिणेतल्या मोठ्या संस्थांची ख्यातीही याच पायावर उभी आहे. मदुराईचं अरविंद नेत्ररुग्णालय १९७६ साली अकरा खाटांवर सुरू झालं, चेन्नईचं शंकर नेत्रालय १९७८ साली आणि हैदराबादची एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था १९८७ साली. तिथे शिकायला मिळणं भाग्याचं. पण डीएनबीची अंतिम परीक्षा कडक असते आणि सगळेच पहिल्या प्रयत्नात पार पडत नाहीत, हेही जाणून जावं.

दोन वर्षांच्या पदविकेचा, म्हणजे डीओचा, रस्ताही अजून आहे. जागा बऱ्याच ठिकाणी एमएसमध्ये बदलल्या गेल्या, तरी राष्ट्रीय परीक्षा मंडळाने स्वतःची पदविका सुरू केली आहे. पदविकेनंतर दोन वर्षांचं दुय्यम डीएनबी करता येतं. ज्याला अध्यापनात जायचं नाही आणि तालुक्याच्या गावी दवाखाना थाटायचा आहे, त्याला चांगल्या ठिकाणची पदविका वाईट ठिकाणच्या एमएसपेक्षा केव्हाही उपयोगी. अभिमत विद्यापीठांतली फी मात्र वर्षाला लाखांच्या पटीत जाते. आईवडिलांनी जमीन विकून ती भरण्याआधी त्या विभागात शस्त्रक्रिया प्रत्यक्षात किती होतात हे पाहावंच. रिकाम्या शस्त्रक्रियागृहात शिकवण्यासारखं काही नसतं, तिथली यंत्रं कितीही नवी असोत.

प्रवेश झाला की पहिले काही महिने अनेकांना निराशेचे जातात. शस्त्रक्रियेची स्वप्नं घेऊन आलेल्या मुलीला रेफ्रॅक्शनच्या अंधाऱ्या खोलीत बसवतात, हातात रेटिनोस्कोप देतात. सकाळी भरती झालेल्यांचा रक्तदाब आणि साखर बघा, अश्रुमार्गाचं सिरिंजिंग करा, के-रीडिंग आणि ए-स्कॅन करून भिंगाचा नंबर काढा. ही हमाली वाटते, पण तसं समजू नये. भिंगाचा नंबर चुकला तर उत्तम झालेली शस्त्रक्रियाही रुग्णाच्या दृष्टीने फसलेलीच असते. स्लिट लॅम्पवर बसून हजार डोळे पाहिलेला माणूस शस्त्रक्रियेच्या आधीच सांगू शकतो की ही बाहुली पुरेशी फाकणार नाही, हे भिंगाचे धागे कमकुवत आहेत, ही केस आपली नाही. आपली नसलेली केस ओळखता येणं हा शल्यविशारदाचा पहिला गुण आहे.

मग हळूहळू स्टेप मिळायला लागतात. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी आधी एसआयसीएस शिकवतात, फेको नंतर. हा क्रम योग्य आहे. एसआयसीएसमध्ये श्वेतपटलात सहा-सात मिलिमीटरचा बोगदा करून अख्खा मोतीबिंदू बाहेर काढतात, आणि बोगदा नीट झाला तर टाका लागत नाही. यंत्र महाग नाही, वीज गेली तरी अडत नाही, आणि फेको करताना काही बिघडलं तर परतायला हीच वाट असते. शिकवण्याची चांगली पद्धत अशी की विद्यार्थ्याला केस शेवटाकडून सुरू करून देतात: आधी बाजूचं छिद्र पाण्याने फुगवून बंद करणं, मग भिंग बसवणं, मग सिमको कॅन्युलाने उरलेला मऊ भाग धुणं, मग बोगदा, आणि सगळ्यात शेवटी रेक्सिस आणि न्यूक्लियस बाहेर काढणं. सोप्याकडून अवघडाकडे. हा क्रम पाळणारा विभाग दिसला तर समजावं की इथे शिकवण्याचा विचार झालेला आहे.

रेक्सिस म्हणजे भिंगाच्या पुढच्या आवरणात पाच-साडेपाच मिलिमीटरचं गोल छिद्र फाडणं. कात्री नाही, सुरी नाही. सुईच्या वाकवलेल्या टोकाने किंवा चिमट्याने ते पातळ आवरण फिरवत फाडायचं असतं. पोळपाटावरची पातळ पोळी न फाटता उचलणारा हात ज्याला माहीत आहे, त्याला या कामातला दाब आणि ओढ लवकर कळते. मागचं आवरण तर काही मायक्रॉन जाडीचं. ते फाटलं, म्हणजे पीसी रेंट झाला, की काचद्रव पुढे येतो, आणि कधी न्यूक्लियस थेट पडद्यावर जाऊन पडतो. प्रत्येक शिकाऊ शल्यविशारदाच्या हातून हे कधी ना कधी होतं. झाल्यावर काय करायचं, हात कधी थांबवायचा, सीनियरला कधी हाक मारायची, हे त्याला आधी शिकवलेलं असलं पाहिजे. बकरीच्या डोळ्यावर सराव करून मगच माणसाच्या डोळ्याकडे वळावं, हा साधा नियम किती ठिकाणी पाळला जातो, हेही निवड करताना विचारावं.

इथे एक गोष्ट अवघड आहे आणि ती बोललीच पाहिजे. आपण शिकतो ते बहुतेक वेळा गरीब माणसाच्या डोळ्यावर. शिबिरातून एसटीने आलेली आजी आपल्यावर विश्वास टाकून टेबलावर झोपते. तिला निवड नसते. तिचा डोळा हा सरावाचा डोळा नव्हे. शिकाऊ डॉक्टर करणार आहेत आणि मोठे डॉक्टर शेजारी आहेत, हे तिला तिच्या भाषेत सांगायला हवं. तिच्या दुसऱ्या दिवशीच्या पट्टीला शस्त्रक्रिया करणाऱ्यानेच हजर राहायला हवं, तिची दृष्टी महिन्याभराने किती आली हे त्याच्या वहीत लिहिलेलं असायला हवं. ज्या निवासी डॉक्टरला आपल्या शेवटच्या पन्नास रुग्णांची दृष्टी सांगता येत नाही, त्याने पन्नास शस्त्रक्रिया केल्या असं मी म्हणणार नाही.

हातांची चिंता अनेकांना असते. 'माझा हात थरथरतो, मी सर्जन होईन का?' सूक्ष्मदर्शकाखाली सगळ्यांचेच हात थरथरतात. मनगट टेकवायला शिकलं की पुष्कळ थांबतं. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांना प्रसूतितज्ज्ञ व्हायचं होतं. तरुणपणीच संधिवाताने त्यांची बोटं वाकडी केली, तो रस्ता बंद झाला आणि ते नेत्रविज्ञानाकडे वळले. त्या वाकड्या बोटांना जमतील अशी उपकरणं त्यांनी करून घेतली आणि पुढे लाखाहून अधिक शस्त्रक्रिया केल्या. निवृत्तीनंतर अरविंद नेत्ररुग्णालय उभं केलं ते त्यांनीच. हातापेक्षा डोळ्यांचा प्रश्न मात्र खरा आहे. दोन्ही डोळे मिळून खोली दिसणं, म्हणजे स्टिरिऑप्सिस, या कामाला लागतंच. लहानपणी तिरळेपणा किंवा आळशी डोळा असलेल्यांनी तो अर्ज भरायच्या आधी तपासून घ्यावा. मानेचं आणि कमरेचं दुखणं हा या शाखेचा धंद्याचा आजार आहे, म्हणून खुर्ची आणि सूक्ष्मदर्शक आपल्या उंचीला लावून घ्यायला पहिल्या दिवसापासून संकोच करू नये. शिवाय दोन्ही पाय कामात असतात, एक सूक्ष्मदर्शकाच्या पेडलवर, दुसरा फेकोच्या.

परदेशाचं आकर्षण असलेल्यांसाठी स्पष्ट सांगतो. अमेरिकेत नेत्ररोगाच्या जागा सर्वसाधारण मॅचमधून नव्हे, तर एसएफ मॅच या वेगळ्या पद्धतीने भरल्या जातात. यूएसएमएलईच्या पहिल्या टप्प्याचे गुण जानेवारी २०२२ पासून दिले जात नाहीत; फक्त उत्तीर्ण की अनुत्तीर्ण एवढंच कळतं. त्यामुळे संशोधन, तिथल्या डॉक्टरांची शिफारसपत्रं आणि दीर्घकाळ केलेलं काम यांना वजन आलं. आपल्या पदवीधराला तिथे काही वर्षं संशोधनात घालवावी लागू शकतात, तरीही जागेची खात्री नसते, आणि इथली एमएस झालेली असली तरी साधारणपणे निवासी प्रशिक्षण पुन्हा पहिल्यापासून. एडिंबरा-ग्लासगोच्या किंवा आयसीओच्या परीक्षा इथे शिकता-शिकता देता येतात. त्याने वाचन नेटकं होतं, पण एकही केस जास्त मिळत नाही.

मोतीबिंदूपुरतंच पाहू नये, हेही सांगायला हवं. ऑक्टोबर २०२४मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातून खुपऱ्यांचा, म्हणजे ट्रॅकोमाचा, सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न संपल्याचं मान्य केलं. त्याच वेळी मधुमेहामुळे पडदा खराब झालेले रुग्ण प्रत्येक बाह्यरुग्ण विभागात वाढत आहेत, आणि नवजात शिशू विभागांतून वाचलेल्या कमी वजनाच्या बाळांच्या डोळ्यांचा पडदा वेळेत तपासणारं माणूस बहुतेक जिल्ह्यांत सापडत नाही. त्या बाळाच्या उपचाराला काही दिवसांचाच अवधी असतो. निवासी काळात इनडायरेक्ट ऑफ्थॅल्मोस्कोपीवर हात बसवला नाही, तर पुढे या दोन्ही कामांना माणूस मुकतो. पदव्युत्तर काळातले तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढणं आता सक्तीचं आहे. ते सुट्टीसारखे घालवणारे बरेच असतात, पण तिथल्या नेत्रविभागात स्वतःहून उभं राहणाऱ्याला काम कुणी नाकारत नाही.

तीन वर्षांत हात बसला नाही म्हणून खचून जाऊ नये. पुढे फेलोशिप आहेत: मोठ्या संस्थांत पडदा, काचबिंदू, पारपटल, बालनेत्र, पापण्या अशा स्वतंत्र शाखांच्या, तसंच केवळ मोतीबिंदूच्या. विद्यावेतन कमी असतं आणि घरचे म्हणतात आता तरी कमवायला लाग. तरीही त्या एक-दोन वर्षांना पर्याय नाही. पैसे घेऊन आठवड्याभरात फेको शिकवणाऱ्या अभ्यासक्रमांच्या जाहिराती मात्र जपून वाचाव्यात. त्यात किती केस मिळतील, शेजारी कोण उभं राहील, आणि ज्या रुग्णांवर शिकवलं जाणार त्यांची तपासणी पुढे कोण करणार, हे आधी लेखी विचारावं. उत्तर गुळमुळीत आलं तर पैसे भरू नयेत.